आधी बोली, मग आज्ञावली

आमचा मुळशी तालुका मोठा विलक्षण आहे. पश्चिमेस ताम्हिणीकडे पावसाची झड लागली म्हणजे समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई पिकते आणि खालच्या खाचरांत भात डोलते. पूर्वेच्या बाजूस हिंजवडी व माण येथे काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत बसून हजारो तरुण-तरुणी सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, लिहीत असतात. ही दोन जगे एकाच तालुक्यात, आणि आता तर कित्येक ठिकाणी एकाच घरात नांदत आहेत. आई गुडघाभर चिखलात वाकून लावणी करते आणि मुलगा काचेआड बसून आज्ञावली लिहितो. तरी मुलाच्या हातचे यंत्र आईच्या हाती पडले की ती भांबावते. दोष आईच्या शिक्षणाचा, असे बहुधा सांगण्यात येते. आम्हांस ते मान्य नाही. दोष पुष्कळ वेळा शब्दाचा असतो, आणि हेच आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे.

प्रथम आमच्याच शाळेत काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. हजेरीचे व शिष्यवृत्तीचे काम सोपे व्हावे म्हणून एका कंपनीचे सॉफ्टवेअर आम्ही घेतले होते. आषाढात, लावणीच्या ऐन दिवसांत, आठवीतील एका मुलीची आई आजारी पडली. मुलीने वर्गशिक्षकास, म्हणजे आम्हांसच, चिठ्ठी दिली. आम्ही रजा मंजूर केली आणि ती तीन आठवडे घरी राहिली. जुन्या हजेरीपटावर आम्ही तिच्या नावापुढे 'र' लिहिला असता. परंतु या यंत्रात 'हजर' व 'गैरहजर' अशी दोनच घरे होती. आम्ही 'गैरहजर' भरत गेलो. पुढे केव्हा तरी तिच्या नावापुढे 'निष्क्रिय' असा शब्द उमटला. तो आम्ही पाहिला. कबूल करावयास लाज वाटते, परंतु हा अभ्यासाविषयीचा काही शेरा असावा असे आम्हांस वाटले. इतक्या कष्टाळू मुलीस निष्क्रिय म्हणतात याचा थोडा रागही आला. आणि आम्ही पुढच्या कामास लागलो.

त्या शब्दाचा अर्थ निराळाच होता. सलग काही दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी झाले असे ते यंत्र धरीत असे, आणि अशी नावे शिष्यवृत्तीच्या यादीतून वगळीत असे. यादी गेली, मुदत संपली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती मुलीस मिळाली नाही. ती कार्यालयाच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, मी निष्क्रिय म्हणजे काय हो?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे त्या कंपनीचा एक तरुण चौकशीस आला, तो आमचाच माजी विद्यार्थी निघाला. त्याचे मराठी उत्तम होते. तो म्हणाला, "सर, इनॅक्टिव्हला मराठीत निष्क्रियच म्हणतात ना? कोशात तसेच आहे." कोशात तसे असेलही. परंतु अशा वेळी शाळेचा लेखनिक 'निष्क्रिय' म्हणत नाही. तो म्हणतो, 'नाव कमी केले'. हे तीन शब्द आम्ही पडद्यावर पाहिले असते तर त्याच क्षणी खुर्चीवरून उठलो असतो. आज्ञावलीत गणिताची चूक नव्हती. त्या तरुणाने आपले काम चोख केले होते. आम्हीही दिलेली घरे इमानाने भरली होती. दोन प्रामाणिक माणसांच्या मध्ये एक शब्द उभा होता, आणि त्याची किंमत तिसऱ्याच जिवाने, एका मुलीने, दिली.

म्हणून आमचे मत असे की, सॉफ्टवेअर बांधण्यापूर्वी बांधणाऱ्याने व वापरणाऱ्याने एकत्र बसून आधी शब्द ठरवावेत. ते शब्द काम करणाऱ्याच्या तोंडचे असावेत. आणि एकदा ठरलेला शब्द बोलण्यात, कागदावर, पडद्यावर व आज्ञावलीच्या पोटातही तोच राहावा. हा विचार आमच्या पदरचा नव्हे. एरिक इव्हान्स या अमेरिकन आज्ञावलीकाराने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला आहे. जाणकार व आज्ञावलीकार या दोघांनी मिळून वापरावयाच्या भाषेस तो सर्वत्र वावरणारी भाषा अशा अर्थाचे नाव देतो. मध्ये दुभाषा बसला की अर्थ गळतो, हे त्याचे मुख्य सांगणे होय.

परंतु दोन शहाणी माणसे एकच भाषा बोलत असता अर्थ गळतोच कसा? याचे उत्तर मानसशास्त्राने दिले आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही लोकांनी सर्वांच्या परिचयाच्या गाण्यांची लय बोटांनी टेबलावर वाजवावी व दुसऱ्यांनी ते गाणे ओळखावे, असा तो खेळ होता. निम्म्या वेळा तरी ऐकणारे ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी अवघी ३ ओळखली गेली. आम्ही हाच खेळ नववीच्या वर्गात करून पाहिला. एका मुलाने रोज सकाळी म्हणावयाच्या प्रार्थनेची लय बाकावर वाजवली. कोणी म्हणाले, आगगाडी; कोणी म्हणाले, ढोल-लेझीम. तो मुलगा तर रडकुंडीस आला. "अरे, इतके सोपे आहे!" असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याच्या मनात सूर वाजत होते. इतरांच्या कानी केवळ टकटक पोहोचत होती. ज्यास एखादी गोष्ट ठाऊक असते त्यास ती ठाऊक नसण्याची स्थिती कल्पिताच येत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्याचे नेमके तेच झाले. 'निष्क्रिय' या शब्दामागील सूर त्याच्या मनात स्पष्ट वाजत होता, आणि आमच्यापर्यंत केवळ टकटक पोहोचली.

समोरासमोर बोलताना हा दोष लवकर उघडा पडतो. ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, तो "म्हणजे?" असे विचारतो, आणि बोलणारा दुसऱ्या शब्दाने सांगतो. हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने संभाषणाचा पुष्कळ अभ्यास केला. संभाषणात माणसे पदोपदी दोघांच्याही पायाखालची समाईक जमीन चाचपीत असतात, असे त्याने दाखवून दिले. यंत्रास आमच्या कपाळावरील आठी दिसत नाही. म्हणून जी चाचपणी बोलताना आपोआप होते ती यंत्र बांधण्यापूर्वी मुद्दाम, वेळ काढून करावी लागते. तो वेळ वाया गेला असे ज्यांस वाटते त्यांनी नंतरच्या दुरुस्तीचा हिशोब मांडून पाहावा.

शब्दांचीच नव्हे, आकड्यांचीही हीच गत आहे. गणिताच्या तासास बसलेल्या मुलांनी आपल्याच घरचे उदाहरण घ्यावे. आजोबा सांगतात, "आपली जमीन एक एकर वीस गुंठे." नातू ते १.२० असे लिहितो. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून आजोबांचे गुंठे झाले ६०. परंतु यंत्राने १.२० हा एकराचा दशांश अपूर्णांक धरला, तर होतात ४८ गुंठे. आणि सातबाऱ्यावरील रीतीप्रमाणे तो १ हेक्टर २० आर असा वाचला, तर जमीन जवळजवळ तीन एकर, म्हणजे आजोबांच्या जमिनीच्या दुप्पट होते. आकडा एक, अर्थ तीन. हे हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे मंगळाकडे गेलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी असेच नष्ट झाले. एका गटाच्या आज्ञावलीने रेट्याचे माप पौंडांच्या परिमाणात दिले आणि दुसऱ्या गटाच्या आज्ञावलीने ते न्यूटनच्या परिमाणात आहे असे धरले. दोन्ही गटांत विद्वान होते. आकडे कोणत्या मापाचे, याची मात्र वेळीच खातरजमा झाली नाही.

आता आपल्या शेतांकडे येऊ. पूर्वी कोणाच्या शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढून ही नोंद करावी अशी सोय झाली. ही नोंद गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातील 'बारा', यात जाते. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई अशा कित्येक गोष्टींस तिचा आधार लागतो. कल्पना मोठी चांगली आहे. ज्याचे शेत त्याच्याच हाती लेखणी आली. परंतु लेखणी हाती आली म्हणजे शब्दही आपला असावयास हवा. गाव नमुना बाराच्या जुन्या कागदावर 'निर्भेळ पीक' व 'मिश्र पीक' असे रकाने असत. तलाठ्यास त्यांचा अर्थ तोंडपाठ होता. शेतकरी मात्र निर्भेळ म्हटले की दुधाचा विचार करील! कागद एकाच्या हाती होता तोवर त्याचा शब्द चालून गेला. तो दुसऱ्याच्या हाती जाताच शब्दाची पुन्हा चौकशी करणे भाग पडते.

याहून सूक्ष्म अडचण अशी की, कधी कधी शब्द दोघांच्याही ओळखीचा असतो, आणि तरीही घोटाळा होतो. 'खाते क्रमांक' हा शब्द पाहा. महसुलाच्या कामात खाते म्हणजे गाव नमुना आठ-अ मधील खाते, ज्यात एका खातेदाराच्या नावची त्या गावातील जमीन एकत्र दाखविलेली असते. बँकेत खाते म्हणजे ठेवीचे खाते. शेतकऱ्याच्या खिशात पासबुक असते; त्यास नुसता 'खाते क्रमांक' विचारला तर तो कोणता सांगेल? तीच गोष्ट भाताची. शेतात उभे असते ते भात, खळ्यावर पोत्यात भरतो तेही भात, गिरणीतून निघतो तो तांदूळ, आणि आईच्या हातून ताटात पडतो तो पुन्हा भात! इंग्रजीत या साऱ्यांस राइस म्हणून चालते. आज्ञावलीकाराने तो एकच शब्द उचलला आणि वजन लिहावयास एकच घर ठेवले, तर काय होईल? सरकारी खरेदीत १०० किलो भात भरडून साधारण ६७ किलो तांदूळ मिळतो असे धरतात. म्हणजे एका शब्दाच्या आळसापायी एक तृतीयांश वजनाची गफलत होण्यास वाट मोकळी झाली.

यावर उपाय काय? साऱ्या जगासाठी एका शब्दाचा एकच अर्थ ठरवून टाकावा, हे होणे नाही. भाषा तशी चालत नाही. इव्हान्स याने सांगितलेला उपाय आपल्या गावच्या रीतीचा आहे. गावाची शीव ठरवून तेथे दगड पुरतात, तशी शब्दाचीही शीव ठरवावी. शिवेच्या आत एका शब्दाचा एकच अर्थ. शीव ओलांडताना मात्र स्पष्ट सांगावे की, आता आपण महसुलाच्या गावातून बँकेच्या गावात आलो, येथील खाते निराळे. 'आठ-अ मधील खाते क्रमांक' व 'बँकेतील खाते क्रमांक' एवढे लिहिले तरी पुष्कळ घोटाळे टळतात. त्यास ना पैसा लागतो, ना मोठे यंत्र.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. पहिला असा की, बोली दर बारा कोसांवर बदलते. मग कोणाचा शब्द घ्यावा? आक्षेप योग्य आहे. १९८७ साली जॉर्ज फर्नास व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच वस्तूस दोन माणसांनी आपापल्या मनाने एकच नाव देण्याचा संभव शंभरात वीसहूनही कमी, असे त्यांस आढळून आले. त्यांनी उपायही सांगितला आहे. यंत्राने दारात अनेक शब्दांचे स्वागत करावे. कोणी 'भात' म्हणेल, कोणी 'साळ' म्हणेल. दोघांसही आत घ्यावे, आणि आत गेल्यावर अर्थ मात्र एकच ठेवावा. २०२४ साली तलाठ्यांचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले. नाव बदलले म्हणून गावकरी तलाठी म्हणावयाचे एकाएकी थोडेच थांबतात? यंत्रात 'तलाठी' शोधणाऱ्यास 'असे कोणी नाही' हे उत्तर मिळू नये, इतकेच आमचे मागणे आहे. आज्ञावली रोमन लिपीत लिहितात हीदेखील सबब होऊ शकत नाही. 'फेरफार' हा शब्द रोमन अक्षरांतही 'फेरफार' असाच लिहिता येतो. त्याचे आधी इंग्रजी करावे व मग त्या इंग्रजीचे पुन्हा मराठी करावे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

दुसरा आक्षेप विद्वानांचा. सोपा शब्द घेतला तर भाषेची प्रतिष्ठा जाते, असे ते म्हणतात. त्यांस आम्ही याच पुणे जिल्ह्यातील केडगावचे उदाहरण देऊ. पंडिता रमाबाई या संस्कृतच्या थोर विदुषी. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस १८७८ साली 'सरस्वती' ही पदवी दिली होती. त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्या बायकांसही समजावे अशा सोप्या भाषेत. जड शब्द त्यांस येत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्यापुढे वाचणारीचे मुख होते, म्हणून त्यांनी ते बाजूस ठेवले. मोल्सवर्थ याचीही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. परभाषेतून आलेल्या त्या माणसाने मराठी शब्द स्वतः बनविले नाहीत. जाणत्या शास्त्री-पंडितांस हाताशी धरून त्याने ते गोळा केले आणि कोणता शब्द कोणत्या प्रांतात चालतो याच्या खुणाही पुष्कळ ठिकाणी नोंदविल्या. आमच्या तरुण आज्ञावलीकारांनी शब्द बनविण्यापूर्वी गोळा करावयास शिकावे, हा त्याचा धडा होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतींत जाल. तेथे जाण्याने तुमची उन्नतीच होईल. परंतु पहिली आज्ञा लिहिण्यापूर्वी, ज्याच्यासाठी ती लिहावयाची त्याच्या ओट्यावर, दुकानात किंवा कार्यालयात एक दिवस जाऊन बसा. त्याच्या वह्या पाहा. तो बोलतो ते शब्द जसेच्या तसे उतरून घ्या आणि "म्हणजे काय?" हे विचारावयास लाजू नका. मग आपण समजलो ते त्यास आपल्या शब्दांत सांगून दाखवा व तो मान डोलावीपर्यंत थांबा. व्याकरणाच्या तासास आम्ही अर्थच्छटा शिकवितो तेव्हा मागच्या बाकावरून जांभया ऐकू येतात. त्या छटांवर कोणाची तरी भरपाई, कोणाची तरी शिष्यवृत्ती अवलंबून असते, हे ध्यानात ठेवा.

पालकहो, तुम्हांसही एक विनंती आहे. यंत्रातील शब्द कळला नाही तर आपणच अडाणी असे समजून मुकाट्याने कोणते तरी बटण दाबू नका. विचारा. आम्ही पदवीधर असूनही विचारले नाही, आणि त्याचे फळ काय झाले ते वर सांगितलेच आहे.

त्या गोष्टीचा शेवट सांगून लेखणी ठेवतो. आमचा तो माजी विद्यार्थी पुढे तीन दिवस शाळेच्या कार्यालयात येऊन बसला. जुने हजेरीपट त्याने पानोपान चाळले, लेखनिकास प्रश्न विचारले आणि एका वहीत शब्द उतरून घेतले. महिन्याभरात यंत्रात 'रजा' हे तिसरे घर आले, आणि 'निष्क्रिय' जाऊन त्या जागी 'नाव कमी केले' असे आले. शिवाय वर्गशिक्षकाने होकार दिल्यावाचून कोणाचेही नाव कमी होऊ नये अशी तजवीज झाली. त्या मुलीची एका वर्षाची शिष्यवृत्ती मात्र परत आली नाही. पुढच्या आषाढात तिने पुन्हा चार दिवसांची रजा मागितली, तेव्हा आम्ही तिला संगणकापाशी बोलावून तिच्या नावापुढचा 'रजा' हा शब्द दाखविला. तिने तो वाचला, आणि निर्धास्तपणे लावणीस गेली.